फादर मेर्सेन आणि एकवीस अंकी संख्या



८ सप्टेंबर हा पवित्र मरिया मातेचा जन्मदिन. नऊ दिवसांची नोव्हेना, वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा, यामुळे हा दिवस आपल्या घराघरांत पाठ असतो. याच दिवशी, १५८८ साली, फ्रान्समधील ल मान्स शहराजवळच्या वाझे नावाच्या खेड्यात एका साध्या कष्टकरी कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मारँ मेर्सेन. पुढे तो धर्मगुरू झाला, आयुष्यभर मठात राहिला आणि १ सप्टेंबर १६४८ रोजी, साठी पुरी व्हायला एक आठवडा असताना, पॅरिसमध्ये देवाघरी गेला. ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केलेले नाही. त्यांच्या नावाने नोव्हेना नाही, वेदी नाही. मात्र जगातील कोणत्याही गणित विभागात जाऊन त्यांचे नाव घ्या, लोक ओळखतील. संख्यांच्या एका घराण्याला त्यांचे नाव मिळाले आहे. आणि नवल असे की, ज्या यादीमुळे हे नाव मिळाले, त्या यादीत पाच चुका होत्या.

या सप्टेंबर महिन्यात आपण या व्रतस्थाची ओळख करून घेऊ. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुले-मुली आज इंजिनिअरिंगला, विज्ञान शाखेला, संगणकाच्या अभ्यासाला आहेत. प्रश्न विचारणे आणि विश्वास ठेवणे ही दोन कामे एकाच माणसाला जमतात का, असा पेच त्यांच्यापैकी अनेकांना पडतो. फादर मेर्सेन यांचे जीवन या पेचाविषयी काही सांगून जाते.

शाळा, मठ आणि कायमचा उपवास

घरची परिस्थिती बेताची असूनही आईवडिलांनी मुलाला शिकवले. ल मान्सच्या शाळेनंतर १६०४ साली मारँ ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या नव्या महाविद्यालयात दाखल झाला. तेथे तो पाच वर्षे होता. त्याच महाविद्यालयात पुढे आधुनिक तत्त्वज्ञानाचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले रने देकार्तही शिकले. वयात साडेसात वर्षांचे अंतर असल्याने शाळेत त्यांची मैत्री झाली असेल असे वाटत नाही. ती पुढे पॅरिसमध्ये जुळली आणि मरेपर्यंत टिकली.

पॅरिसमध्ये ईशज्ञानाचा अभ्यास झाल्यावर १६११ साली मेर्सेन यांनी मिनिम संघात प्रवेश केला. इटलीतील पाओला गावचे संत फ्रान्सिस यांनी स्थापन केलेला हा संघ. मिनिम म्हणजे सर्वांत लहान. फ्रान्सिस्कन स्वतःला धाकटे बंधू म्हणवत, तर यांनी त्याहून धाकटे व्हायचे ठरवले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला त्यांचे चौथे व्रत असे: कायमचा प्रायश्चित्तकाळ. मांस नाही, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीज काही नाही. चाळीस दिवस नव्हे, जन्मभर. आपल्यापैकी ज्यांना शुक्रवारचा एक दिवस जड जातो, त्यांनी याचा जरा विचार करावा.

धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी नेव्हेर येथील मठात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले. १६१९ साली ते पॅरिसला परतले. हॉलंड, इटली आणि दक्षिण फ्रान्सचे काही प्रवास सोडले, तर उरलेले सगळे आयुष्य त्यांनी तेथील मिनिम मठातल्या एका खोलीत काढले.

संशयवाद्यांना दिलेले उत्तर

त्यांची सुरुवातीची पुस्तके वादाची होती. १६२३ साली त्यांनी बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकावर एक जाडजूड लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी पॅरिसमधील नास्तिकांची संख्या पन्नास हजार असल्याचे छापले होते. एवढ्या लोकांची मोजदाद कोणी केली, हा प्रश्न साहजिकच होता. पुढे ते पान मागे घेण्यात आले. तरुण धर्मगुरूच्या उत्साहात आकडे असे सहज फुगतात.

दोनच वर्षांनी आलेले त्यांचे ‘विज्ञानांचे सत्य’ हे पुस्तक मात्र वेगळ्या वळणाचे आहे. त्या काळी फ्रान्समध्ये संशयवादाची लाट होती. डोळे फसवतात, देशोदेशी रीतिरिवाज वेगळे, पंडित एकमेकांना खोडतात. तेव्हा माणसाला निश्चित असे काहीच कळू शकत नाही, असे हे लोक म्हणत. काही भाविकांना हा विचार सोयीचाही वाटत होता: बुद्धी लुळी आहे असे दाखवले की श्रद्धेला मोकळे रान. फादर मेर्सेन यांनी ती सोय नाकारली. ज्या बुद्धीला देवाने घडवले तिला लुळी ठरवून देवाचा गौरव कसा होणार, असा त्यांचा एकंदर रोख होता. माणसाला वस्तूंचे अंतिम स्वरूप कळणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण म्हणून काहीच कळत नाही असे नाही. आणि याचा पुरावा म्हणून त्यांनी संशयवाद्यापुढे गणित ठेवले. पुस्तकाची शेकडो पाने त्यांनी अंकगणित आणि भूमितीवर खर्च केली. २३ ला ८९ ने गुणले की २०४७ येतात, हे आस्तिकाला जितके खरे तितकेच नास्तिकालाही. येथे दोघे एकाच बाकावर बसतात.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा देकार्त यांच्यावर कितीतरी तास झाले, आणि मेर्सेन यांचे नाव फक्त ओघात आले. त्यात अन्याय असा नाही, कारण मेर्सेन हे मोठे तत्त्वज्ञ नव्हते. पण देकार्त यांचे ‘चिंतने’ हे पुस्तक १६४१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्याबरोबर विद्वानांचे आक्षेप आणि त्यांना देकार्त यांची उत्तरेही छापली गेली. ते आक्षेप गोळा करून आणण्याचे काम फादर मेर्सेन यांनी केले होते. मित्राच्या पुस्तकावर टीका मागवून आणायची, तीही मित्राच्या भल्यासाठी, हे सोपे काम नाही.

युरोपचा पोस्टमन

विज्ञानाची नियतकालिके तेव्हा निघत नव्हती. एखाद्याला काही नवे सापडले तर ते जगाला कळवायचे कसे? फादर मेर्सेन यांना कळवायचे, हा एक खात्रीचा मार्ग होता. हॉलंडमधून देकार्त, तुलूझमधून फर्मा, इटलीतून गॅलिलिओ आणि टॉरिचेल्ली अशा कितीतरी जणांशी त्यांचा संबंध होता. आलेले पत्र ते वाचत, त्याची नक्कल करून ज्याला उपयोगी पडेल त्याला धाडत आणि सोबत आपला एक प्रश्न जोडत. त्यांच्या मृत्यूनंतर खोलीत ७८ जणांची पत्रे सापडली. त्यांचा पत्रव्यवहार विसाव्या शतकात छापला गेला, त्याचे १७ खंड झाले.

१६३५ पासून त्यांच्याभोवती पॅरिसमधील गणितज्ञांची नियमित बैठक भरू लागली. कर खात्यातील अधिकारी एत्येन पास्कल तेथे येत आणि आपल्या कोवळ्या वयाच्या मुलाला, ब्लेझला, सोबत आणत. तोच पुढे थोर गणितज्ञ आणि ख्रिस्ती चिंतक झाला. १६६६ साली फ्रान्सच्या राजाने विज्ञान अकादमी स्थापन केली, तिची बीजे या बैठकीत होती असे इतिहासकार मानतात.

गॅलिलिओ यांच्यावर १६३३ साली रोममध्ये खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी फादर मेर्सेन यांनी गॅलिलिओ यांच्या यंत्रशास्त्रावरील लेखनाचे फ्रेंच रूपांतर प्रसिद्ध केले. १६३९ साली त्यांच्या आणखी एका ग्रंथाचा सारांश फ्रेंचमध्ये आणला. धर्मसभेशी भांडण नाही आणि चांगल्या कामाकडे पाठही नाही, अशी ही वाट होती. त्या खटल्यात धर्मपंडितांची चूक झाली होती हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली उघडपणे मान्य केले.

त्यांचे स्वतःचे सर्वांत मोठे संशोधन संगीतातले. १६३६ साली सुरू झालेल्या ‘विश्वाचा सुसंवाद’ या ग्रंथात त्यांनी तारेच्या कंपनाचे नियम मांडले. आपल्या गायनवृंदातील व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलांना ते अनुभवाने ठाऊक असतात: तारेची लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट होतात आणि स्वर एक सप्तक वर जातो, लांबी तीच ठेवून ताण चौपट केला तरीही तेच होते. हे नियम आजही त्यांच्या नावाने शिकवले जातात.

इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज पॅरिसमध्ये परागंदा होऊन राहत असताना १६४७ साली मरणाच्या दारी टेकले. ते कॅथलिक नव्हते. त्यांनी मरण्यापूर्वी कॅथलिक व्हावे म्हणून फादर मेर्सेन यांना त्यांच्या खाटेपाशी पाठवण्यात आले. फादरांनी पापक्षमेच्या अधिकाराविषयी बोलणे सुरू केले. हॉब्ज यांनी, या विषयाचा आपण पूर्वीच विचार केला आहे असे सांगून, आपले मित्र गासँदी तुम्हाला अलीकडे कधी भेटले होते, असे विचारले. फादरांनी विषय तेथेच सोडला आणि रुग्णाला हव्या त्या गप्पा मारल्या. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना या प्रसंगातून बरेच शिकण्यासारखे आहे.

भाताचे दाणे आणि मूळ संख्या

आता त्या संख्यांकडे वळू. बुद्धिबळाच्या पटाची आपल्याकडची जुनी गोष्ट सर्वांना माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. राजाचे कोठार रिते झाले तरी पट भरत नाही, कारण एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. जितकी घरे भरू तितके २ घेऊन एकमेकांशी गुणायचे आणि एक वजा करायचा, की एकूण दाणे मिळतात. दोन घरांत ३ दाणे, तीन घरांत ७, पाच घरांत ३१, सात घरांत १२७.

३, ७, ३१ आणि १२७ या सगळ्या मूळ संख्या आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या सोडून दुसऱ्या कशानेही त्यांना पूर्ण भाग जात नाही. मग प्रश्न असा: किती घरे भरली असता दाण्यांची एकूण संख्या मूळ येते?

अर्धे उत्तर सोपे आहे. सहा घरे घ्या. पहिल्या तीन घरांत मिळून ७ दाणे, पुढच्या तीन घरांत ८, १६ आणि ३२ मिळून ५६, म्हणजे ७ ची आठपट. तेव्हा एकूण ६३ ला ७ ने भाग जाणारच. घरांची संख्या अशा सारख्या गटांत विभागता आली की दाण्यांनाही भाग जातो. म्हणून दाणे मूळ संख्येत हवे असतील तर घरेही मूळ संख्येतच हवीत. पण उलट बाजू खरी नाही. ११ ही मूळ संख्या आहे, तरी अकरा घरांतील दाणे होतात २०४७, आणि ते २३ गुणिले ८९ आहेत हे वर आलेच.

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला आणखी एक धागा आहे. ६ या संख्येचे १, २ आणि ३ हे लहान विभाजक मिळवले की पुन्हा ६ च येतात. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ नंतर २८, मग ४९६, मग ८१२८. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात सहा दिवसांच्या निर्मितीचा संबंध ६ च्या परिपूर्णतेशी जोडला आहे. आणि युक्लिड यांनी ख्रिस्तपूर्व काळातच दाखवून दिले होते की, पटावरचे एकूण दाणे मूळ संख्येत आले तर त्या संख्येला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे. परिपूर्ण संख्या मिळते. तीन घरे घ्या: एकूण ७, शेवटच्या घरात ४, गुणाकार २८.

फादर मेर्सेन यांना हा विषय फार आवडे. फर्मा यांना ते सतत मोठमोठ्या संख्या धाडत. एकदा त्यांनी १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे का असे विचारले. १६४३ च्या एप्रिलमध्ये फर्मा यांचे उत्तर आले: नाही, ही ८,९८,४२३ आणि १,१२,३०३ यांचा गुणाकार आहे. त्याआधी १६४० साली फर्मा यांनी त्यांनाच एक सुंदर नियम कळवला होता. घरे विषम मूळ संख्येत असतील, तर दाण्यांच्या एकूण संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक हा घरांच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीत एक मिळवून तयार होतो. ११ ची दुप्पट २२. २२ अधिक १ म्हणजे २३, आणि ८८ अधिक १ म्हणजे ८९. त्याच पत्राने ३७ घरांचाही निकाल लागला: त्या संख्येला २२३ ने भाग जातो.

पाच चुका

१६४४ साली फादर मेर्सेन यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपली यादी दिली. २५७ पर्यंतच्या घरांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घरांना मूळ संख्या मिळते, बाकी कोणालाही नाही, असे ते ठामपणे सांगतात. सिद्धता दिलेली नाही. शिवाय पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही अपुरा पडेल, अशी जाणीवही त्यांनी तेथेच नोंदवली आहे. मग ७८ अंकी संख्येविषयी त्यांना कसे कळले? ते गूढच राहिले.

या विधानाने पुढच्या पिढ्यांना तीनशे वर्षांचे काम दिले. १७७२ साली ऑयलर यांनी ३१ घरांची संख्या, २,१४,७४,८३,६४७, खरोखर मूळ असल्याचे दाखवले. १८७६ साली फ्रान्सचे एदुआर ल्युका यांनी १२७ घरांची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. नंतर पंचाहत्तर वर्षे हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

पण त्याच वर्षी ल्युका यांनी यादीतील पहिली चूकही दाखवली. ६७ घरांची संख्या मूळ नाही. १८८३ साली दुसरी चूक उघडकीस आणली ती रशियातील एका ऑर्थोडॉक्स धर्मगुरूने. उरल भागात गावातले धर्मकार्य सांभाळून फादर इव्हान पेरवुशिन यांनी ६१ घरांची १९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. यादीत ६१ नव्हते. मग १९११ साली ८९ आणि १९१४ साली १०७ सुटल्याचे समजले. २५७ यादीत असायला नको होते, हे त्यानंतरच्या दशकात ठरले. २५७ पर्यंतच्या सगळ्या घरांची तपासणी पुरी व्हायला १९४७ साल उजाडले. एकूण ५५ मूळ घरांपैकी ५० बरोबर, ५ चूक.

यांतील ६७ घरांची संख्या आम्हाला सर्वांत जास्त भावते. ती अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक. ल्युका यांच्या पद्धतीची गंमत अशी की, ती वापरून संख्या मूळ नाही हे नक्की कळते, पण तिचे विभाजक कोणते हे मात्र कळत नाही. सत्तावीस वर्षे गणितज्ञांना खात्रीने माहीत होते की या संख्येला भाग जातो. कशाने जातो हे कोणालाच सांगता येत नव्हते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणित संस्थेची सभा भरली. त्यात प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी या संख्येवर निबंध सादर केला. गणिताच्या इतिहासावर लिहिणारे ई. टी. बेल यांनी सांगितलेली हकिकत अशी: कोल फळ्याकडे गेले. एक शब्दही न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्या मांडून, हातचे धरत, शाळकरी मुलासारखा त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली. ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे बेल यांनी विचारले की, याला वेळ किती लागला? तीन वर्षांचे रविवार, असे कोल यांनी सांगितले म्हणतात. त्या रविवारी ते प्रार्थनेला जात होते का, हे बेल यांनी लिहिलेले नाही!

फर्मा यांचा नियम येथेही पडताळून पाहता येतो. ६७ ची दुप्पट १३४. १३४ ला १४,४५,५८० ने गुणून एक मिळवा, कोल यांचा पहिला विभाजक मिळेल. नुसते एकामागून एक तपासत गेले असते तर चौदा लाखांहून अधिक पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. कोल यांनी वाट कमी करणाऱ्या युक्त्या वापरल्या, तरी तीन वर्षे गेलीच. घरातील दहावीच्या मुलांनी आज रविवारी दुपारी कागद-पेन घेऊन हा गुणाकार करून पाहावा. उत्तर १२० वर्षांपूर्वी आले तेच येईल.

या कामाला आजही अंत नाही. १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापले संगणक जोडून मेर्सेन मूळ संख्या शोधत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना १३,६२,७९,८४१ घरांची संख्या मूळ असल्याचे आढळले. ती ज्ञात असलेली ५२ वी. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. आपल्या या पत्रकाच्या पानांवर ती छापायची म्हटली तर कित्येक वर्षांचे अंक तिलाच द्यावे लागतील.

अखेरचे दिवस

१६४८ च्या उन्हाळ्यात फादर मेर्सेन आजारी पडले. छातीत गळू झाले होते. शस्त्रक्रिया झाली, पण गुण आला नाही. आजाराचे कारण समजावे म्हणून मृत्यूनंतर आपला देह वैद्यांनी उघडून पाहावा, अशी इच्छा त्यांनी मागे ठेवली. देहदानाविषयी आपल्याकडे आजही कुजबूज होते. या व्रतस्थाला पावणेचारशे वर्षांपूर्वी त्यात काही वावगे वाटले नाही.

इटलीच्या प्रवासानंतर टॉरिचेल्ली यांच्या पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाची वार्ता फ्रान्समध्ये पसरवणाऱ्यांत ते होते. फ्रान्समध्ये चांगली काचेची नळी मिळेना, म्हणून त्यांना स्वतःला तो प्रयोग साधला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर अठराच दिवसांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, पास्कल यांच्या मेहुण्यांनी पारा भरलेली नळी पुई द दोम या डोंगरावर नेली आणि वर जाताना पारा उतरतो, म्हणजे हवेला वजन असते, हे सिद्ध झाले. तुलनेसाठी दुसरी नळी खाली क्लेर्माँ गावात ठेवली होती, ती मिनिम मठाच्या बागेत. दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसले होते एक मिनिम व्रतस्थ.

आपल्यासाठी

फादर मेर्सेन यांच्या चुका झाकायचे कारण नाही. त्यांनी ठाम बोलू नये तेथे ठाम बोलले. नास्तिकांच्या आकड्याबाबत तसे झाले आणि संख्यांच्या यादीबाबतही तसेच झाले. पण पहिल्या वेळी त्यांनी माणसांविषयी आकडा सांगितला होता आणि तो मागे घ्यावा लागला. दुसऱ्या वेळी त्यांनी संख्यांविषयी असे काही सांगितले की जे कोणालाही तपासता येईल. ज्यांनी ते तपासले त्यांत प्रॉटेस्टंट ऑयलर होते, ऑर्थोडॉक्स पेरवुशिन होते. चूक दाखवणाऱ्यावर कोणी रागावले नाही, आणि चूक करणाऱ्याचे नावही कोणी पुसले नाही.

ल्युका आणि कोल यांच्यामधली सत्तावीस वर्षे आम्हाला आणखी एका गोष्टीची आठवण देतात. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, देव आहे हे बुद्धीला कळू शकते, पण देव काय आहे हे या जन्मी पुरते कळत नाही. एखादी गोष्ट आहे हे खात्रीने माहीत असणे आणि ती काय आहे हे हाती येणे, यांत अंतर असते. एका संख्येच्या बाबतीतही ते अंतर ओलांडायला तीन वर्षांचे रविवार लागले. तेव्हा प्रार्थनेत किंवा अभ्यासात उत्तर लगेच आले नाही म्हणून कोणी हिरमुसून जाऊ नये.

आईवडिलांना आमची विनंती आहे की, मुलाने जेवताना अवघड प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडे त्याला पाठवा. फादर मेर्सेन यांनी जन्मभर हेच केले. येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही सभागृहात थांबणार आहोत. ज्या युवक-युवतींना विज्ञान आणि श्रद्धा यांविषयी काही विचारायचे असेल त्यांनी जरूर यावे. आम्हाला सुचले नाही तर आपण ते प्रश्न लिहून घेऊ आणि जाणकारांकडे पाठवू.

मरिया मातेच्या जन्मदिनी जन्मलेल्या या तिच्या लेकराला प्रभू चिरशांती देवो, आणि आपल्या मुलांना न भिता सत्य शोधण्याचे बळ देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू